निबंध मधून लिहायला घ्या

प्रस्तावना, विषयविस्तार आणि समारोप. निबंधाचे हे तीन भाग कुठल्याही मुलाला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतात. तेच मूल कोऱ्या कागदासमोर बसलं की मात्र पेनाचं टोपण चावत राहतं. मी शाळेत भाषा शिकवते. वह्या तपासताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. मुलांना भागांची नावं पाठ असतात, पण त्या प्रत्येक भागाने काय काम करायचं असतं, हे त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसतं. म्हणून सुरुवातीला चार गोड वाक्यं, शेवटी चार गोड वाक्यं आणि मधे सुचेल ते, असा निबंध तयार होतो. शुद्धलेखन चांगलं असतं, अक्षर सुरेख असतं, आणि वाचून झाल्यावर हाताला काहीच लागत नाही.

हे लिहिते आहे ते निबंध लिहिणाऱ्या मुलांसाठी, आणि त्यांच्या शेजारी बसून मदत करणाऱ्या मोठ्यांसाठीही. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की निबंधाचा जीव मधल्या भागात असतो. आधी आपलं म्हणणं ठरवावं, मग मधला भाग लिहावा, आणि प्रस्तावनेला हात सगळ्यात शेवटी लावावा. पहिलं वाक्य सुचत नाही म्हणून अर्धा वेळ वाया घालवणारी मुलं या एका बदलाने लिहिती होतात, हे मी वर्गात पाहत आले आहे.

यात नवीन काही नाही. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने भाषणकलेबद्दल लिहिताना सांगून ठेवलं आहे की भाषणाला आवश्यक भाग दोनच असतात. आपलं म्हणणं मांडायचं आणि ते सिद्ध करायचं. प्रास्ताविक आणि उपसंहार हे दोन भाग त्याने फार तर जोडीला चालतील म्हणून मान्य केले. आपण शाळेत नेमकं उलटं करतो. जोडीला असलेल्या भागांची तयारी पाठांतराने करून घेतो आणि आवश्यक भाग मुलावर सोडून देतो.

विषय दिलेला असतो, मुद्दा आपला असतो

समजा फळ्यावर विषय लिहिला आहे, 'सायकल'. हा विषय झाला. यात अजून निबंध नाही. 'सायकल हे उपयुक्त वाहन आहे' असं म्हटलं तरी आपण फारसे पुढे गेलो नाही, कारण यावर भांडायला कोण येणार? सगळ्यांना हे मान्यच आहे. जे सगळ्यांना आधीच मान्य आहे ते सिद्ध करायला पानभर लिहिण्याची गरज नसते, आणि म्हणूनच अशा निबंधात मुलांना चौथ्या ओळीनंतर काही सुचत नाही. दोष मुलाच्या कल्पनाशक्तीचा नसतो. मुद्दाच इतका सपाट असतो की त्याला धरून पुढे सरकताच येत नाही.

आता हे वाक्य बघा: 'शाळा तीन-चार किलोमीटरच्या आत असेल, तर मोठ्या मुलांनी सायकलनेच शाळेत जावे.' हे ऐकून कुणीतरी म्हणेल, 'मला नाही पटत, रस्त्यावर गाड्या किती असतात!' कुणी म्हणेल, 'पावसात काय करायचं?' म्हणजे आता बोलण्यासारखं काही आहे. आपला मुद्दा झाला आहे का, हे ओळखायची माझी कसोटी हीच आहे. समोरच्याला 'नाही पटत' म्हणायला जागा आहे का आणि 'का बरं?' असं विचारावंसं वाटतं का, ते बघायचं. दोन्हींचं उत्तर 'हो' आलं की पुढचं काम सुरू करायचं.

हा मुद्दा एका पूर्ण वाक्यात कच्च्या कागदावर लिहून काढा. डोक्यात आहे, लिहायची काय गरज, असं मुलं म्हणतात. डोक्यातला मुद्दा लिहिता लिहिता हळूच बदलतो. सुरुवात सायकलने शाळेत जाण्यापासून होते आणि तिसऱ्या परिच्छेदात प्रदूषण, चौथ्यात वृक्षारोपण येतं. लिहिलेलं वाक्य समोर असलं की वाट सुटल्याचं लगेच कळतं.

काही सुचतच नाही म्हणणाऱ्या मुलाला मुद्दा सांगू नये, त्याला प्रश्न विचारावेत. एका मुलीशी झालेलं बोलणं असं होतं.

'बाई, सायकलबद्दल काय लिहायचं? मला काहीच येत नाही.'

'तू शाळेत कशी येतेस?'

'बाबा सोडतात.'

'सायकल नाहीये का?'

'आहे ना. पण आई पाठवत नाही. वळणावर मोठ्या गाड्या जोरात येतात.'

'मग तुला काय वाटतं? आईचं बरोबर आहे?'

ती जरा थांबली. मग म्हणाली, 'वळणापर्यंत सायकल हातात धरून चालत गेलं तर काय होतंय?'

तिला काहीच येत नव्हतं, आणि तिच्याकडे मुद्दा होता, त्यावरचा आक्षेप होता आणि आक्षेपाला उत्तरही होतं. हे सगळं निबंधात लिहायचं असतं, एवढंच तिला माहीत नव्हतं. घरातलं, रोजचं, आपल्याला खरंच वाटणारं निबंधात चालत नाही, निबंधात काहीतरी भारदस्त लागतं, ही समजूत मुलांच्या मनातून काढून टाकायला हवी.

जमवायचं भरपूर, ठेवायचं थोडं

मुद्दा ठरला की पाच मिनिटं कच्च्या कागदावर जे जे आठवेल ते लिहायचं. वाक्यं नकोत, नुसते शब्द. सायकलचं टिपण साधारण असं होईल: इंधन नाही, व्यायाम, तब्येत, वेळ, पंक्चर, पाऊस, मोठ्या गाड्या, स्वतःचं स्वतः जाणं, कुणावर अवलंबून नाही, ठेवायला जागा कमी, दप्तराचं ओझं, १८१७ साली जर्मनीत कार्ल ड्राइस यांनी बनवलेलं पेडल नसलेलं दुचाकी यंत्र, १८८८ साली जॉन डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचं घेतलेलं पेटंट, पहिल्यांदा सायकल शिकताना पडलो ते.

आता अवघड काम. मुद्द्याच्या वाक्याकडे बघायचं आणि जे त्याला मदत करत नाही ते खोडायचं. ड्राइस यांचं यंत्र फार मजेशीर आहे. बसायचं आणि दोन्ही पायांनी जमीन ढकलत पुढे जायचं, अशी त्याची रचना होती. डनलॉप यांच्या टायरमुळे सायकलवरचे हादरे कमी झाले. दोन्ही गोष्टी खऱ्या, दोन्ही रंजक. पण आज मुलांनी सायकलने शाळेत जावं की नाही, याच्याशी त्यांचा संबंध नाही. तेव्हा त्या खोडायच्या. विषय 'सायकलची कहाणी' असता तर हीच माहिती निबंधाचा कणा झाली असती. हुशार, भरपूर वाचणाऱ्या मुलांना हे खोडणं सगळ्यात जड जातं, कारण मेहनतीने मिळवलेलं दाखवावंसं वाटतं. त्यांना मी सांगते की खोडलेलं वाया जात नाही, वहीच्या मागे उतरवून ठेवा, कुठल्या तरी निबंधात ते कामाला येईल.

उरलेल्या शब्दांच्या जोड्या लावायच्या. 'वेळ' एकीकडे. 'व्यायाम' आणि 'तब्येत' एकत्र. 'कुणावर अवलंबून नाही' आणि 'स्वतःचं स्वतः जाणं' एकत्र. 'मोठ्या गाड्या', 'पाऊस', 'दप्तराचं ओझं' हे आपल्या विरुद्ध जाणारे मुद्दे एकत्र. प्रत्येक गट म्हणजे एक परिच्छेद. तीनशे शब्दांच्या निबंधात असे तीन गट पुरतात. चौथा घेतला की प्रत्येकाच्या वाट्याला तीन ओळी येतात आणि काहीच पटवून होत नाही.

एक परिच्छेद जवळून

मधला भाग म्हणजे हे परिच्छेद, आणि परिच्छेद म्हणजे काय हेच बहुतेक वेळा चुकतं. चार-पाच ओळी झाल्या की समास सोडून नवीन ओळ सुरू करायची, असं मुलं करतात. हा परिच्छेद बघा. अशा प्रकारचे मी नेहमी वाचते.

'सायकलमुळे वेळ वाचतो. सायकल पर्यावरणपूरक आहे. सायकलला इंधन लागत नाही. सायकल चालवल्याने व्यायाम होतो. त्यामुळे प्रत्येकाने सायकल चालवली पाहिजे.'

पाच वाक्यं आहेत, त्यांत चार वेगवेगळे दावे आहेत आणि एकही सिद्ध केलेला नाही. प्रत्येक वाक्याला विचारा, 'कशावरून?' उत्तर मिळत नाही, कारण पुढचं वाक्य आधीच दुसरीकडे निघून गेलेलं आहे. आता यातला फक्त पहिला दावा घेऊन लिहिलेला परिच्छेद:

'सायकलमुळे सर्वांत आधी वेळ वाचतो. माणूस साधारणपणे ताशी ५ किलोमीटर वेगाने चालतो. सायकल ताशी १५ किलोमीटर सहज जाते. म्हणजे ३ किलोमीटरवरच्या शाळेत चालत जायला ३६ मिनिटे लागतात आणि सायकलने १२. जाऊन-येऊन रोजची ४८ मिनिटे हातात राहतात. एवढ्या वेळात एका विषयाचा गृहपाठ होतो किंवा मैदानावर एक डाव रंगतो. वेळ मिळत नाही अशी तक्रार करणाऱ्या मुलांसाठी हा वेळ रस्त्यातच पडलेला आहे.'

पहिल्या वाक्याने दावा केला. दुसऱ्या आणि तिसऱ्याने तो आकड्यांनी पटवला. हे आकडे कुठून पाठ करावे लागत नाहीत, साध्या भागाकाराने निघतात. चौथ्या आणि पाचव्याने हिशेब पूर्ण केला. सहाव्याने त्या मिनिटांचं काय करायचं ते डोळ्यांसमोर आणलं, आणि सातव्याने परिच्छेद मूळ मुद्द्याशी पुन्हा जोडला. दावा, पुरावा, उदाहरण, जोडणी. दर वेळी याच क्रमाने लिहायला हवं असं नाही. कधी उदाहरण आधी येईल आणि दावा शेवटी. पण परिच्छेदात एकच दावा असावा आणि तो उघडा सोडू नये, एवढं मी सोडत नाही.

पुरावा म्हणजे दर वेळी आकडाच हवा असं मुळीच नाही. स्वतः पाहिलेला प्रसंग, तर्काने लावलेला निष्कर्ष, दोन गोष्टींची तुलना, हे सगळे पुरावेच आहेत. फक्त खोटे आकडे लिहू नयेत. 'एका सर्वेक्षणानुसार ७० टक्के विद्यार्थी' असं वाक्य मुलं बिनधास्त ठोकून देतात. कुठलं सर्वेक्षण, असं विचारलं की गप्प होतात. त्यापेक्षा 'माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांना कुणीतरी सोडायला येते' हे वाक्य कितीतरी प्रामाणिक आहे आणि जास्त पटतं.

विरुद्ध बाजूचा परिच्छेद वैचारिक निबंधात हवाच. आक्षेप जसा समोरचा माणूस मांडेल तसा, पूर्ण ताकदीने मांडावा. 'काही लोक म्हणतात की सायकल धोकादायक आहे, पण ते चूक आहे' ही टाळाटाळ झाली. मोठ्या गाड्यांची भीती खरी आहे, हे आधी मान्य करायचं. मग सांगायचं की वळणावर उतरून सायकल हातात धरावी, डोक्यावर हेल्मेट घालावं, सुरुवातीला मोठ्यांबरोबर रस्ता पार करून पाहावा. जेवढं खरंच उत्तर आहे तेवढंच द्यायचं. मुसळधार पावसात सायकल नको, हे कबूल केल्याने मुद्दा कमजोर होत नाही, उलट वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. माझ्या मते शाळेतल्या निबंधातून मूल जे शिकतं त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. आपल्याला न पटणारं म्हणणं नीट ऐकून ते प्रामाणिकपणे कागदावर उतरवता येणं सोपं नाही.

क्रमाबद्दल थोडं. सगळ्यात दमदार परिच्छेद शेवटी ठेवावा, कारण शेवटचं जास्त लक्षात राहतं. आक्षेपाचा परिच्छेद मधे घ्यावा. तो अगदी शेवटी ठेवला तर वाचणारा आक्षेपच मनात घेऊन उठतो.

परिच्छेदांमधले सांधे 'शिवाय' आणि 'तसेच' यांनी भरलेले असतात. हे शब्द वाईट नाहीत, पण ते फक्त 'आणखी एक' एवढंच सांगतात. दोन परिच्छेदांत खरं नातं काय आहे ते बघा. विरोध असेल तर 'मात्र', 'तरीही', 'याउलट'. परिणाम असेल तर 'म्हणूनच', 'त्यामुळे'. कित्येकदा जोडशब्द लागतही नाही. मागच्या परिच्छेदातला एक शब्द उचलून पुढचा सुरू केला की काम होतं. वर वेळेचा परिच्छेद आहे. पुढचा असा सुरू होऊ शकतो: 'वेळ वाचला, पण जीव धोक्यात घालून वाचलेला वेळ कुणालाच नको असतो.' एका वाक्यात आपण आक्षेपाकडे वळलो.

प्रस्तावना, आता

मधला भाग तयार झाला की आपण काय म्हणणार आहोत हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं, आणि मग प्रस्तावना झटक्यात होते. तिचं काम दोनच गोष्टींचं आहे. वाचणाऱ्याला विषयात आणायचं आणि आपली भूमिका सांगायची. तीनशे शब्दांत चाळीस-पन्नास शब्द पुरेत.

'आजच्या धावपळीच्या युगात वाहनांना अनन्यसाधारण महत्त्व प्राप्त झाले आहे. प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात...' ही प्रस्तावना ओळखीची वाटते ना? हिच्यात 'वाहनांना' काढून 'मोबाइलला' घाला, 'संगणकाला' घाला, 'वृत्तपत्रांना' घाला. सगळीकडे बसते. जी सुरुवात कुठल्याही निबंधाला चालते ती या निबंधाची नव्हे. हा शब्द बदलून बघण्याचा प्रयोग मुलं आनंदाने करतात, आणि एकदा केला की 'धावपळीचं युग' त्यांच्या वहीतून आपोआप जातं. 'मानव हा समाजशील प्राणी आहे' आणि 'प्राचीन काळापासून' हीसुद्धा त्याच घराण्यातली.

मग काय लिहायचं? समोर दिसणारं काहीतरी.

'शाळा सुटली की फाटकाशी दोन प्रकारची मुले दिसतात. काही जण न्यायला येणाऱ्या गाडीची वाट पाहत ताटकळत असतात. काही जण कुलूप काढतात, टांग मारतात आणि निघतात. शाळा तीन-चार किलोमीटरच्या आत असेल, तर मोठ्या मुलांनी या दुसऱ्या गटात असावे, असे मला वाटते.'

शेवटचं वाक्य म्हणजे आपण सुरुवातीला कच्च्या कागदावर लिहिलेला मुद्दाच, थोडा वळवून घेतलेला. तो प्रस्तावनेत आला पाहिजे. वाचणाऱ्याला तिसऱ्या परिच्छेदापर्यंत कोड्यात ठेवण्यात काही मजा नाही.

प्रश्नाने सुरुवात करता येते, छोट्या संवादाने करता येते. सुविचाराने करायची असेल तर तो सुविचार खरोखर आपल्या मुद्द्याचा असावा आणि शब्दन् शब्द नक्की आठवत असावा. थोर माणसाच्या नावावर आपलंच वाक्य खपवणं हा अन्याय आहे, त्या माणसावरही आणि वाचणाऱ्यावरही.

समारोप

समारोपाची सुरुवात 'अशा प्रकारे' ने करून वरचे तीन मुद्दे पुन्हा मोजायचे, ही सवय मोडावी. वाचणारा आत्ताच ते वाचून आला आहे. समारोपाने 'मग आता काय?' याचं उत्तर द्यावं. पटलं, मग काय करायचं? काय बदलायचं? नवीन मुद्दा मात्र इथे काढायचा नाही, कारण तो सिद्ध करायला जागाच उरलेली नसते. आपल्या उदाहरणात मी असं लिहीन:

'सर्वांनी उद्याच सायकल घेऊन निघावे, असे माझे म्हणणे नाही. पण ज्यांच्या घरी ती भिंतीला टेकून धूळ खात उभी आहे, त्यांनी येत्या सुट्टीच्या दिवशी मोठ्यांना बरोबर घेऊन शाळेपर्यंत एक फेरी मारावी. कुठे उतरायचे, कुठे थांबायचे हे कळले की भीती कमी होते.'

छोटं आहे, पण वाचून काहीतरी करता येईल असं आहे. 'म्हणून सर्वांनी याचा गांभीर्याने विचार केला पाहिजे' या वाक्यापेक्षा ते कधीही चांगलं.

निबंधाचा प्रकार बदलला की

वरचं सगळं वैचारिक निबंधाबद्दल आहे. इतर प्रकारांत भाग तेच राहतात, मुद्द्याचं रूप बदलतं.

आत्मवृत्तात, म्हणजे 'सायकलचे मनोगत' अशा विषयात, मुलं जन्मापासून गंजण्यापर्यंत सगळा प्रवास सांगत सुटतात. 'मी एक सायकल आहे. माझा जन्म एका कारखान्यात झाला.' सगळ्या वर्गाच्या सायकली त्याच कारखान्यात जन्मतात! इथे मुद्द्याच्या जागी एक इच्छा किंवा एक दुःख ठेवा. या सायकलला काय हवं आहे? मालक मोठा झाला, तिची सीट आता त्याला बुटकी पडते, आणि धाकट्या बहिणीचे पाय अजून पेडलपर्यंत पोचत नाहीत. या मधल्या काळातली सायकल काय बोलेल? एवढं ठरलं की मधल्या भागात काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे तीच सांगते.

कल्पनाप्रधान निबंधावर मला जास्त बोलायचं आहे, कारण तो सगळ्यात वाया जातो. 'चाकाचा शोध लागलाच नसता तर?' या विषयावर गाड्या नसत्या, विमानं नसती, प्रवास झाला नसता, एवढी यादी करून मुलं थांबतात. एक गृहीतक घ्यायचं आणि त्याचे परिणाम साखळीसारखे ओढत न्यायचे. चाक नाही, म्हणजे कप्पी नाही. कप्पी नाही, म्हणजे खोल विहिरीतून पाणी शेंदणं किती कष्टाचं. चाक नाही, म्हणजे दातेरी चक्र नाही, म्हणजे यंत्राचं घड्याळ नाही. मग 'दहा वाजून पाच मिनिटांनी भेटू' असं कोण कुणाला म्हणणार? बघा, आपण गाड्यांपासून किती लांब आलो. आणि दुसरी बाजूही शोधायची. दक्षिण अमेरिकेतल्या इंका लोकांनी वाहतुकीसाठी चाक न वापरता डोंगरांतून हजारो किलोमीटरचे रस्ते बांधले. ओझी लामा नावाच्या प्राण्यांच्या पाठीवरून जात आणि निरोप धावणारी माणसं पोचवत. म्हणजे चाकाशिवाय सगळं थांबलंच असतं, असंही नाही. ही एक गोष्ट निबंधात आली की तो निबंध यादी राहत नाही, विचार होतो.

वर्णनात्मक निबंधात एकच क्रम धरावा, लांबून जवळ किंवा सकाळपासून संध्याकाळपर्यंत. आणि जे वर्णन करतो त्याचं आपल्या मनावर उमटलेलं एक मुख्य चित्र ठरवावं. बाकी सगळे तपशील त्या चित्राला धरून.

पाच परिच्छेदांचा साचा पवित्र नाही, हेही सांगते. १५८० साली मिशेल द मोंतेन यांचे निबंध फ्रान्समध्ये छापले गेले, ते विषय सोडून भटकत जातात आणि मजेत परत येतात. १५९७ मध्ये इंग्लंडमध्ये फ्रान्सिस बेकन यांचे आले, ते अगदी आटोपशीर. दोघांच्याही लेखनाला निबंध म्हणूनच ओळखतात. साचा हाताला वळण लागेपर्यंत धरावा, मग सोडता येतो.

परीक्षेत हे कसं जमवायचं

प्रस्तावना शेवटी लिहायची तर उत्तरपत्रिकेत जागा कुठे? वर सहा-सात ओळी मोकळ्या सोडा आणि मधल्या भागापासून सुरू करा. त्यासाठी आपल्या अक्षराचा अंदाज हवा. घरी एकदा एका ओळीत किती शब्द बसतात ते मोजून ठेवा. आठ बसत असतील, तर पन्नास शब्दांना सव्वासहा ओळी आणि तीनशे शब्दांना साधारण अडतीस ओळी. हे एकदा माहीत झालं की परीक्षेत शब्द मोजत बसावं लागत नाही. जागा सोडायची भीतीच वाटत असेल, तर प्रस्तावना कच्च्या कागदावर दोन ओळींत करून मग उतरवा. चालेल.

चाळीस मिनिटं असतील तर पहिली आठ मुद्दा आणि टिपणाला द्या. आजूबाजूची मुलं भराभर लिहीत असतात, तेव्हा आठ मिनिटं न लिहिता बसायला धीर लागतो. पण ती परत मिळतात, कारण नंतर कुठे अडत नाही. वीस-बावीस मिनिटं मधला भाग, पाच-सहा मिनिटं प्रस्तावना आणि समारोप, उरलेली वाचायला.

वाचताना ओठ हलवून, शब्द न् शब्द वाचा. डोळा चुका गिळतो, ओठ अडखळतात. जिथे अडखळाल तिथे वाक्य लांबलं आहे किंवा कर्त्याला क्रियापद जुळत नाही. आणखी एक बघा. एका ओळीत 'केले, झाले' आणि दुसऱ्या ओळीत 'केलं, झालं' असं मिसळलेलं असतं. शाळेच्या निबंधात 'केले, झाले' हे लेखी रूप धरा आणि ते शेवटपर्यंत पाळा. संवाद लिहिताना मात्र पात्रं बोलतात तसं लिहायला हरकत नाही.

घरी मदत करणाऱ्या मोठ्यांना एक विनंती. वाक्य सांगू नका. मुलाचं वाक्य तुमच्या वाक्यापेक्षा साधं असेल, असू द्या. तुम्ही फक्त तीन प्रश्न विचारा: 'तुला खरंच असं वाटतं?', 'कशावरून?', 'आणि ज्याला पटत नाही तो काय म्हणेल?' उत्तर तोंडी आलं की म्हणा, 'हेच लिही.'

सरावासाठी नवीन निबंध रोज लिहायची गरज नाही. जुना, तपासून मिळालेला एक निबंध घ्या. कोऱ्या कागदावर त्यातल्या प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य एकाखाली एक उतरवा. वरून खाली वाचा. ती वाक्यं एकमेकांना धरून काही म्हणत असतील तर बांधणी नीट आहे. जिथे एका वाक्यावरून पुढच्यावर जाताना उडी मारावी लागते, तिथलाच परिच्छेद आज पुन्हा लिहा. बाकीच्यांना हात लावू नका.